गव्हाच्या बदल्यात मोनाझाईट? युरेनियमच्या बाजारात देशाची बाजू लढवणारे डॉ. होमी भाभा

निफाड (ग्रामीण वार्ताहर) : कांद्याचा ट्रॅक्टर घेऊन लासलगावला जाणं आम्हाला नवीन नाही. तिथं कृषक नावाचं केंद्र आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रानं ते २००२ साली उभारलं. कांद्याला कोबाल्टची किरणं देऊन कोंब येणं थांबवायचं, हे तिथलं मूळ काम. गेल्या आठवड्यात बारीला उशीर होता, म्हणून आमच्यासोबतच्या कॉलेजच्या पोराला सहज विचारलं, हे भाभा म्हणजे कोण रे? बॉम्ब बनवणारे, एवढंच त्याला सांगता आलं. खरं तर त्यांच्या हयातीत भारतानं एकही बॉम्ब फोडला नाही. २४ जानेवारीला त्यांची पुण्यतिथी असते, त्या निमित्तानं हे लिहितोय. त्यांच्या विज्ञानातलं मला फारसं कळत नाही. पण माल कोणाचा, भाव कोण ठरवणार आणि अटी कोणाच्या, या भांडणात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. हे भांडण शेतकऱ्याला लगेच कळतं.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईचा. पारशी घर, वडील वकील. आत्या मेहरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. म्हणजे गरिबीतून वर आलेल्या माणसाची ही गोष्ट नाही. घरात पुस्तकं, संगीत, चित्रं सगळं होतं. पोरानं इंजिनियर होऊन जमशेदपूरचा कारखाना बघावा, अशी घरच्यांची इच्छा. त्यासाठी १९२७ साली त्यांना केंब्रिजला पाठवलं. पोराचं मन मात्र गणितात आणि भौतिकशास्त्रात. आधी इंजिनियरिंग चांगल्या मार्कांनी पास हो, मग तुझ्या मनासारखं शीक, असा तोडगा वडिलांनी काढला आणि पोरानं तो पाळला. पुढं आकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांवर त्यांनी असं काम केलं की जगातले मोठे शास्त्रज्ञ त्यांना नावानं ओळखू लागले.

१९३९ साली ते सुट्टीला घरी आले आणि तिकडं दुसरं महायुद्ध पेटलं. परत जाता येईना. बंगळुरूला सर सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत काम सुरू केलं. काही महिन्यांचा मुक्काम कायमचा झाला. १९४४ च्या मार्चमध्ये त्यांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहून संशोधन संस्थेसाठी मदत मागितली. ध्यानात घ्या, हिरोशिमावर बॉम्ब पडायला अजून वर्षाच्या वर अवकाश होता. पण अणूची वीज आली तर आपल्याला बाहेरून माणसं आणायची वेळ येऊ नये, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळुरूत सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईला हलली. पेडर रोडच्या ज्या बंगल्यात भाभा जन्मले, त्याच बंगल्यात तिचं पहिलं बस्तान बसलं.

आता मुद्द्याचं. अणुभट्टीला लागतं युरेनियम. युद्धाच्या काळात अमेरिका आणि इंग्लंडनं मिळून जगभरातलं युरेनियम गोळा करायला एक यंत्रणाच उभी केली होती. सगळ्यात कसदार माल बेल्जियमच्या ताब्यातल्या काँगोत, शिंकोलोब्वे नावाच्या खाणीत. तिथल्या चांगल्या दगडात निम्म्याहून जास्त युरेनियम निघायचं. आपल्याकडं बिहारमध्ये (आता झारखंड) सिंहभूमच्या पट्ट्यात, जादूगुड्याला युरेनियम सापडलं १९५१ साली. पण कस अगदीच कमी. टनभर दगड फोडावा तेव्हा किलोभरसुद्धा हाती लागत नाही. एका बाजूला भरघोस बागायत आणि दुसऱ्या बाजूला खडकाळ बरड, असा हा फरक.

एक गोष्ट मात्र आपल्याकडं भरपूर होती. केरळच्या किनाऱ्यावरची काळपट वाळू. तिच्यात मोनाझाईट नावाचं खनिज असतं, मोनाझाईटमध्ये थोरियम. या वाळूचा शोधही गमतीनं लागला. १९०९ साली, म्हणजे भाभांच्या जन्माच्याच वर्षी, त्रावणकोरहून गेलेल्या काथ्याच्या मालाला चिकटलेल्या वाळूत एका जर्मन माणसाला हे खनिज दिसलं. मग जहाजंच्या जहाजं भरून वाळू परदेशी जाऊ लागली. कशासाठी? लग्नात पूर्वी डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन माणसं चालायची, आठवतंय का? त्या बत्तीचं मेंटल, म्हणजे जी पांढरी जाळी पेटते, तिच्यात थोरियम वापरायचे. वाळू आपली, मेंटल त्यांचं. आपण कच्चा माल मातीमोल विकायचा आणि तयार माल त्यांच्या भावानं घ्यायचा.

स्वातंत्र्याच्या तोंडावर ही वाळू राजकारणात आली. त्रावणकोरचे दिवाण सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांना संस्थान भारतापासून वेगळं ठेवायचं होतं, आणि मोनाझाईट हे त्यांच्या हातातलं एक पान होतं. तो बेत फसला. १९४८ साली अणुऊर्जा कायदा झाला, त्याच वर्षी १० ऑगस्टला अणुऊर्जा आयोग बसला, अध्यक्ष भाभा. वय पुरतं ३९ पण नव्हतं. आयोगानं एक धोरण पक्कं धरलं, कच्ची वाळू बाहेर जाऊ द्यायची नाही. आपल्याच देशात ती धुवायची, गाळायची, आणि विकायचं तर त्यातून निघालेलं विकायचं. त्यासाठी इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी काढली आणि केरळात अलवायला कारखाना घातला. फ्रान्सच्या लोकांची त्यात मदत घेतली. १९५२ च्या डिसेंबरात नेहरूंनी त्याचं उद्घाटन केलं.

हे लिहिताना निर्यातबंदी हा शब्द माझ्या लेखणीला टोचतो, हे कबूल करतो. कांद्याची निर्यात बंद झाली की आमच्या पट्ट्यात काय होतं ते मी वेगळं सांगायला नको. पण या दोन बंद्यांमध्ये फरक आहे. कांदा सडतो, वाळू सडत नाही. आणि वाळू अडवणाऱ्यांनी आधी कारखाना घालायला घेतला होता.

१९५१ सालची गोष्ट तर प्रत्येक शेतकऱ्यानं वाचायला हवी. देशात धान्याची मोठी टंचाई होती. भारतानं अमेरिकेकडं २० लाख टन गहू मागितला. अमेरिकेच्या संसदेत यावर महिनोन्महिने चर्चा चालली आणि काही सभासदांनी मागणी केली की गहू पाहिजे तर भारतानं मोनाझाईट द्यावं. इकडं रेशनच्या रांगा, तिकडं ही अट. नेहरू सरकारनं अणूच्या मालाची गव्हाशी सांगड घालायला नकार दिला. गहू शेवटी कर्जावर आला. पोटात भूक असताना सौद्याला बसणं किती अवघड, हे आडत्यापुढं पैशाच्या नडीनं उभं राहिलेल्या माणसाला विचारा.

दोन वर्षांनी उलटंच प्रकरण घडलं. १९५३ साली आपला थोरियम नायट्रेटचा थोडा माल चीनला गेला. कम्युनिस्ट देशांना असला माल देणाऱ्याची मदत बंद करायची, असा कायदा अमेरिकेनं करून ठेवला होता. भारताची सगळी मदत तुटते की काय अशी वेळ आली. दोन्हीकडच्या वकिलातींची धावपळ झाली, मार्ग निघाला, मदत चालू राहिली. पण आपला माल कोणाला विकायचा हे दुसरा ठरवणार का, हा प्रश्न दिल्लीत तेव्हापासून ठसला.

भाभांची कामाची पद्धत वेगळी होती. १९५४ साली अणुऊर्जा खातं निघालं, त्याचे सचिवही तेच. खातं थेट पंतप्रधानांच्या हाताखाली आणि कचेरी दिल्लीत नाही, मुंबईत. मधे कोणी मंत्री नाही, बाबू नाही. नेहरूंना पत्र लिहिताना ते भाई म्हणून लिहीत. कामं त्यामुळं झपाट्यानं झाली, पण विचारणारं कोणी राहिलं नाही, हेही खरं. मेघनाद साहांसारख्या मोठ्या शास्त्रज्ञानं संसदेत त्यावर टीका केली. आपले गोव्यात जन्मलेले, पुण्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी तर भाभांच्याच संस्थेत गणिताचे प्राध्यापक. पुण्याहून डेक्कन क्वीननं जाऊन-येऊन नोकरी करायचे. अणूपेक्षा सूर्याची ऊर्जा आपल्या देशाला परवडेल, असं ते उघड सांगत. पुढं त्यांचा करार वाढवला गेला नाही. आज वावरात सोलर पंप बघितला की मला कोसंबी आठवतात. भाभा मोठे होते, पण त्यांना टोकणारेही काही लहान नव्हते.

१९५३ च्या डिसेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी शांततेसाठी अणू ही योजना जाहीर केली आणि बंद दारं किलकिली झाली. १९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाला पहिली मोठी जागतिक परिषद भरली. अध्यक्षपदी भाभा. रशिया आणि अमेरिका एकमेकांचं तोंड बघत नव्हते त्या काळात दोघांचे शास्त्रज्ञ एका मांडवाखाली आले. भाभांनी या व्यासपीठाचा पुरता उपयोग केला. प्रत्येक देशाकडून एकेक गोष्ट मिळवायची, कोणा एकाच्या दावणीला जायचं नाही, असा त्यांचा हिशोब. इंग्लंडकडून समृद्ध युरेनियम घेतलं आणि आपल्या माणसांनी तुर्भ्याला बांधलेली अप्सरा भट्टी ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली. रशिया सोडला तर आशियातली पहिली. कॅनडाकडून मोठी भट्टी घेतली, केंब्रिजची जुनी ओळख तिथं कामी आली. तिला लागणारं २१ टन जड पाणी अमेरिकेनं दिलं. ही सायरस भट्टी १९६० ला चालू झाली. यातही भाभांनी एक हट्ट धरला होता. सगळं इंधन कॅनडाचं घ्यायचं नाही, आम्ही आमचं बनवू. १९५९ साली तुर्भ्यात युरेनियम धातूचा कारखाना सुरू झाला आणि सायरसच्या पहिल्या भरणीतलं निम्मं इंधन आपलं होतं.

हा हट्ट का, ते बियाण्याच्या भाषेत सांगतो. खाणीतून येतं त्या साध्या युरेनियममध्ये कामाचा भाग शेकड्याला एकसुद्धा नसतो, ०.७ टक्के फक्त. जड पाणी वापरलं तर या साध्या युरेनियमवर भट्टी चालते. हे घरच्या बियाण्यासारखं, कस कमी पण आपल्या कणगीतलं. दुसरा प्रकार म्हणजे कामाचा भाग वाढवून घेतलेलं, समृद्ध केलेलं युरेनियम. ते संकरित बियाण्यासारखं, दर वेळी कंपनीच्या दारात जावं लागतं. भाभांचा पुढचा आराखडा तीन टप्प्यांचा होता. आधी साधं युरेनियम जाळायचं, त्यातून प्लुटोनियम मिळवायचं, आणि शेवटी केरळच्या वाळूतल्या थोरियमवर यायचं, म्हणजे कोणाच्या दारात जायला नको. त्या तिसऱ्या टप्प्याची वाट आपण अजून बघतोय.

१९५६ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कला ८० हून जास्त देश जमले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची घटना ठरवायची होती. मोठ्या देशांचा प्रस्ताव असा की संस्थेमार्फत ज्याला युरेनियम मिळेल, त्याच्याकडं तपासणीस जाणार, हिशोब बघणार, आणि भट्टीतून निघणारं प्लुटोनियमही संस्थेच्या ताब्यात राहणार. भाभांचा विरोध रोखठोक होता. ज्यांच्याकडं खाणी आहेत आणि बॉम्बही आहेत, त्यांच्या घरात कोणी डोकावणार नाही. ज्याच्याकडं काहीच नाही आणि जो विजेसाठी मागायला आला, त्याच्याच घराची झडती. अशानं जगात कायमच्या दोन जाती पडतील, हा त्यांचा मुद्दा. भांडण बरंच ताणलं. शेवटी तडजोड झाली, देशाला शांततेच्या कामापुरतं प्लुटोनियम आपल्याकडं ठेवता येईल असं ठरलं. तपासणी पुरती टळली नाही. पण त्याच वाटाघाटीत संस्थेच्या नियामक मंडळावर जागा कोणाला याचं सूत्र ठरलं, जगाच्या एकेका भागात अणुविज्ञानात जो पुढं त्याला. भारताची जागा त्यामुळं पक्की झाली. व्हिएन्नात आजही आपण त्या मंडळावर असतो.

मग तारापूर. इथं भाभांनी स्वतःचाच नियम थोडा वाकवला असं माझं मत. मुंबईला वीज हवी होती, कोळशाच्या खाणी शेकडो मैल लांब. १९६० साली जगभरातून टेंडर मागवले. काम अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीला गेलं. भट्ट्या समृद्ध युरेनियमच्या, म्हणजे संकरित बियाण्याच्या. १९६३ च्या ऑगस्टमध्ये करार झाला. इंधन ३० वर्षं अमेरिका देणार, आणि सुमारे ८ कोटी डॉलरचं कर्ज ४० वर्षांच्या मुदतीनं, व्याज शेकडा पाऊण. आपल्याला सोसायटीचं पीककर्जसुद्धा अशा मुदतीनं कोणी देत नाही! तपासणीची अट होतीच. भाभांनी ती मान्य करताना शब्द असे बसवून घेतले की ही तपासणी फक्त तारापूरला, आणि तीही तिथं फक्त अमेरिकेचंच इंधन वापरायचं ठरलंय म्हणून. बाकी भट्ट्यांना ती लागू नाही.

त्याच काळात तुर्भ्याला वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम काढणारा कारखाना तयार झाला, १९६४ साली. १६ ऑक्टोबर १९६४ ला चीननं पहिला बॉम्ब फोडला. आठवड्यानं भाभा आकाशवाणीवर बोलले. जगातली अण्वस्त्रं गेली पाहिजेत हे सांगितलं, पण सोबत एक हिशोबही मांडला. दहा किलोटनाच्या एका स्फोटाचा खर्च सुमारे साडेसतरा लाख रुपये. आकडे अमेरिकेत छापून आलेले होते, आणि त्यात भट्ट्या-कारखान्यांचा खर्च धरलेला नव्हता. म्हणजे शेत, विहीर, बैल न धरता नुसत्या बियाण्याचा खर्च सांगावा तसं. पण ऐकणाऱ्यांना वाटलं, एवढं स्वस्त? लोकसभेत बॉम्बची मागणी वाढली. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री गांधीवादी. त्यांनी बॉम्बला नाही म्हटलं, मात्र जमिनीखालच्या स्फोटाच्या अभ्यासाला पुढं परवानगी दिली. विजेच्या बाबतीतही भाभांचे आकडे असेच मोठे असत. १९८० पर्यंत ८,००० मेगावॅट होईल असा त्यांचा अंदाज होता, प्रत्यक्षात त्या साली हजारही नव्हते.

माणूस म्हणून भाभा वेगळेच होते. लग्न केलं नाही. स्वतः चित्रं काढत. झाडांचं तर वेड. बांधकामाच्या आड झाड आलं तर तोडायचं नाही, मुळासकट उचलून दुसरीकडं लावायचं, असा त्यांचा हुकूम असे. मोठमोठी झाडं त्यांनी अशी हलवली. रस्ता रुंदीकरणात आमच्याकडची जुनी वडाची झाडं एका दिवसात आडवी झाली तेव्हा असा कोणी हवा होता, असं वाटून गेलं.

११ जानेवारी १९६६ ला शास्त्रीजी ताश्कंदला गेले. २४ जानेवारीला इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. त्याच दिवशी सकाळी एअर इंडियाचं कांचनजंगा नावाचं बोईंग विमान आल्प्समध्ये मोंट ब्लांक डोंगरावर आदळलं. ११७ माणसं गेली, त्यात भाभा. व्हिएन्नाला अणुऊर्जा संस्थेच्याच बैठकीला निघाले होते. वय ५६.

दर जानेवारीत व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतो की हे अमेरिकेनं केलं. फ्रान्सच्या चौकशीत तसं काही निघालं नाही. विमानातलं दिशा दाखवणारं एक यंत्र बंद होतं, डोंगर मागं पडला असं वैमानिकाला वाटलं आणि तो उतरू लागला, असा निष्कर्ष आहे. त्याच डोंगरावर १९५० साली एअर इंडियाचंच आणखी एक विमान पडलं होतं. २०१२ साली तिथल्या बर्फात परराष्ट्र खात्याची टपालाची एक थैली सापडली. गुप्त कागद निघतील म्हणून गाजावाजा झाला. आत निघाली वर्तमानपत्रं आणि कॅलेंडरं.

भाभांच्या मागं तारापूर १९६९ ला सुरू झालं. १९७४ च्या मे महिन्यात पोखरणला स्फोट झाला, त्याचं प्लुटोनियम सायरसचं. कॅनडानं हात काढून घेतला. अमेरिकेनं १९७८ ला नवा कायदा केला आणि ३० वर्षांचा लेखी करार असूनही तारापूरचं इंधन अडकलं. संकरित बियाण्याचं दुकान बंद झालं. १९८२ ला फ्रान्सनं इंधन द्यायचं कबूल केलं, पुढं चीन आणि रशियाकडूनही आलं. पोखरणनंतर युरेनियम विकणाऱ्या देशांनी आपला गट बांधला, आणि त्या गटाची दारं भारतासाठी उघडायला २००८ चा सप्टेंबर उजाडला. मधल्या काळात तारापूरला आणखी दोन भट्ट्या बांधल्या, साध्या युरेनियमच्या, आपल्या आराखड्याच्या. त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. त्यांचं दुःख हा वेगळ्या बातमीचा विषय आहे, तो पुन्हा कधीतरी.

आपल्या शेतातही भाभांच्या तुर्भ्याचं काही आहे. टीएयू-१ उडीद आणि टीएजी-२४ भुईमूग अनेकांनी पेरलाय. त्यातला टी म्हणजे ट्रॉम्बे, आपलं तुर्भे, आणि ए म्हणजे अकोला.

आणि लासलगावचं ते कृषक केंद्र. २००६ च्या मार्चमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश दिल्लीला आले, अणुकराराचं घोडं पुढं सरकलं, आणि त्याच भेटीत आपल्या आंब्याला अमेरिकेचा दरवाजा उघडायचं ठरलं. अट एक, किरणं दिलेलाच आंबा. २००७ च्या एप्रिलमध्ये पहिल्या पेट्या लासलगावहून निघाल्या. पेट्या नीट किरणं घेऊनच निघतात ना, हे बघायला अमेरिकेच्या शेतीखात्याचा तपासणीस लासलगावात मुक्कामाला होता.